चंद्री शरणी झाली

सोलापूर, ९ एप्रिल

भुवना,

सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो लिहिला असं समज. तू फोन उचलत नाहीस. सोमशेखर उचलतात आणि "अक्का बाळाकडं हाय, अव्वा" एवढं म्हणून ठेवतात. तुझ्या नवऱ्यानं तुला अक्का म्हणावं इतका तो बिचारा गडबडलेला असतो. म्हणून पत्र लिहायचं ठरवलं.

पाकीट आणायला पोस्टात गेले तर तिथला माणूस म्हणाला, "मावशी, मंद्रूपला पत्र? यष्टीत बसला तर पत्राच्या आदी पोचशीला की." मी म्हटलं, जाऊन आले बाबा. तुझ्या सासूबाईंनी, शरणम्मांनी चहा दिला, भाकरीला थांबा म्हणाल्या. बाळ झोपलंय म्हणाल्या. आतल्या खोलीत तुझ्या बांगड्या वाजत होत्या. मी उठले.

त्या दिवशीचं तू घरी काय सांगितलंस मला माहीत नाही. मी बघितलं ते लिहिते. मी पाटावर पाय लांब करून बाळाला न्हाऊ घालत होते, चंद्री तांब्यानं पाणी घालत होती. मधेच तिनं तांब्या खाली ठेवला आणि वर माळ्यावर जाऊन बसली. मी हाका मारून थकले. शेवटी एका हातानं बाळ धरलं नि दुसऱ्यानं पाणी घेतलं. संध्याकाळी तू तिला टोमणा मारलास, "काय गं, माझ्या लेकराची किळस येती का तुला?" तेव्हा ती बोलली. म्हणाली, "अक्का, मला डोळ्यांपुढं दिसतंय. मी चुलीवरचं उकळतं पाणी त्याच्यावर ओततीय असं. मला करायचं न्हाय गं. पण दिसतंय. परत परत दिसतंय."

तू बाळ उचललंस, आत जाऊन कडी लावलीस. सकाळी सोमशेखरना बोलावून घेतलंस. पहिलं बाळंतपण होऊन लेक सासरी निघते आणि तिची ओटी भरायला आईला वेळ मिळत नाही, असं आपल्या गल्लीत कधी झालं नसेल. बाळंतविड्याची पिशवी अजून दाराआड आहे.

मी तुला दोष देत नाही. ज्या घरात कोणी असं बोलतं त्या घरात तान्हं कसं ठेवायचं? पण तुझ्या पाठच्या बहिणीनं, चंद्रीनं स्वतःहून सांगितलं, हेही लक्षात घे. तिला काही करायचं असतं तर सांगितलं असतं का?

उत्तर लिही. दोन ओळी लिही.

अव्वा

सोलापूर, ३ मे

भुवना,

बाळाचं बारसं झाल्याचं सोमशेखरकडून कळलं. नाव शिवू ठेवलं, छान आहे. आम्हाला बोलावलं नाही याबद्दल मी काही लिहिणार नाही.

बरी बातमी आहे. चंद्री सुधारली.

तू गेल्यावर ती विळीकडे बघेना. कांदा चिरायला सांगितला तर हात पाठीमागे बांधून उभी राहायची. भाकरीच्या ऑर्डरी होत्या, मी एकटी थापायची, एकटी शेकायची, कडक करायला भाकऱ्या एकटीच चुलीभोवती उभ्या करायची. शेवटी आपल्या जंगमांना, रेवणसिद्ध अय्यांना बोलावलं. शिवूच्या गळ्यात लिंग बांधायला तेच आले होते, तुला आठवत असेल. ते चंद्रीशी नीट बोलले, रागावले नाहीत. म्हणाले, "वाईट इचार आला की ओम नमः शिवाय म्हण पोरी. नाव असंल तितं दुसरं काय ऱ्हात न्हाय."

तेव्हापासून ती सारखं नाव घेते. स्वयंपाक करताना, झाडताना, जेवताना ओठ हलतात. पूजेला बसते तेव्हा गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन इतका वेळ बसते की हाताला मुंग्या येत असतील. सोमवारी शिवभक्तांची वचनं म्हणायला बायका जमतात त्यांत गोजाबाई म्हणाल्या, "तुमची चंद्री तर शरणी झाली की हो! माझी नात बगा, मोबाइलमधनं डोकं काढंना." एक तर तिच्या पाया पडायला वाकली. शरणी म्हणजे शिवाला सगळं वाहून टाकलेली बाई. मला बरं वाटलं. तुझे अप्पा गेल्यापासून या घराचं कोणी काही चांगलं म्हटलं असेल तर ते एवढंच.

आता ये. दोन दिवस राहा. बाळ माझ्या मांडीवरून खाली ठेवणार नाही.

अव्वा

सोलापूर, १६ जून

भुवना,

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं. मला तसंच दिसलं होतं.

चंद्री अकरावीत तीन विषयांत नापास झाली. कॉलेजच्या मॅडमनी मला बोलावून पेपर दाखवले. कोरे आहेत. कडेला नाव आणि नंबर, बस. त्या म्हणाल्या, "ताई, ही मुलगी वर्गात पहिल्या पाचात होती. घरी काही झालंय का?" मी नाही म्हटलं. घरी येऊन तिला विचारलं तर भिंतीकडे तोंड करून बसली. मी पण बसले. मग तिनं सांगितलं.

नाव घेतलं की विचार जातो. पण नाव घेताना मधे कोणी बोललं, शिंकलं, रस्त्यावर हॉर्न वाजला, तर ते नाव मोडलं असं तिला वाटतं. मोडलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि मोडलेल्या नावानं शिवूला काही झालं तर? परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक चपला वाजवत फिरत होते. तीन तास ती तेच करत बसली. आता पूजेत नवीन सुरू झालंय. हातावर लिंग घेतलं की दिसतं, आपण ते गटारात टाकतोय. म्हणून इतका वेळ बसते. ते चित्र पुसल्याशिवाय उठता येत नाही.

आणि आपण सगळ्या बायका तिला शरणी म्हणत होतो. भुवना, ते ऐकून तिला काय वाटत असेल? ती म्हणाली, "अव्वा, मला वाटायचं यांना कळलं तर ह्या मला दगडं मारतील. आणि ह्या पाया पडतायत."

मग एक वाक्य म्हणाली, ते लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. म्हणाली, "मी नसले तर शिवू नीट राहील, न्हाय का?"

तिला कुशीत घेऊन झोपते मी. सोळा वर्षांची पोर. ती झोपली की पुस्तक उघडते, तुला माझी सवय माहीत आहे. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद वाचत वाचत मी वाचायला शिकले, तुझ्या अप्पांनी मग वाचनालयाचं कार्ड काढून दिलं. नवरा गेलेल्या बाईला पुस्तकानं फार आधार दिला. पण या वेळी एक पान वाचलं जात नाही. ओळी दिसतात, आत जात नाहीत.

तू आई झालीस म्हणून विचारते. लेकरू असं बोललं की काय करतात?

अव्वा

सोलापूर, २ जुलै

भुवना,

शेजारच्या रशीदाला सांगितलं. आधी सांगणार नव्हते, पण पाण्याच्या नळावर तिनंच विचारलं, "भाबी, छोकरी के होंठ काय को हिलते हर टैम?" मला रडू आलं. घागर तिनंच उचलून घरात आणून ठेवली.

सगळं ऐकून घेतलं तिनं. मला वाटलं, आता ही चार घरं लांब राहील, तिच्या घरात नातवंडं आहेत. ती म्हणाली, "ह्येला आमच्यात वसवसा म्हणतेत. मनात घाण फुंकली जाती, माणसाची मर्जी नसती. मर्जी नाही तर पकड पण नाही, गुनाह लिहिला जात नाही." तिचा भाचा तन्वीर, रिक्षा चालवतो तो, त्यालाही होतं. ती हसत सांगत होती, "नमाजाआधी वजू करायला बसला की पाय धुवून नाही झाला म्हनायचा, परत धुवायचा. आख्खी मसजिद नमाज पढून घरी जाऊन जेवायची, हा अजून नळावर! मौलानांनीच सांगितलं, बेटा हे दुवाचं काम नाही, डाक्टरचं काम आहे."

चंद्री दाराआडून ऐकत होती. बाहेर आली आणि रशीदाला विचारलं, "चाची, त्यांना पण दिसायचं का? नको ते?" रशीदा म्हणाली, "दिसायचं बेटी. मला त्यानं सांगितलं नाही कधी. पण रडायचा किती, ते मी बघितलंय."

तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्या पोरीला जेवताना बघितलं. ओठ न हलवता, नुसतं जेवताना. अर्धी भाकरी खाल्ली. मग पुन्हा सुरू झालं.

परवा सरकारी दवाखान्यात जातोय. रशीदा येणार आहे.

अव्वा

सोलापूर, २१ जुलै

भुवना,

डॉक्टरबाई तरुण आहेत, तुझ्या वयाच्या. मला बाहेर बसवलं, चंद्रीशी एकटीशी बोलल्या, मग मला आत घेतलं. रांगेत बसलो होतो तिथं आपल्या ओळखीची एक बाई दिसली. तिनं पदर ओढला, मीही ओढला. दोघींनी एकमेकींना बघितलं नाही.

आजाराला नाव आहे, ओसीडी. मराठीत त्याला काय म्हणतात ते बाईंनी सांगितलं, पण चंद्रीला इंग्रजी बरं वाटतं, त्यात तिच्या ओळखीचं काही नाही म्हणून. बाई म्हणाल्या, असे नको ते विचार सगळ्यांच्या मनात येऊन जातात. हिच्या मनात ते अडकतात, कारण ही त्यांना घाबरते. ज्याला लेकराला इजा करायची असते तो असा थरथरत नाही. हे मी तुझ्यासाठी लिहिते आहे, नीट वाच. थरथरणारा माणूस धोक्याचा नसतो असं त्या म्हणाल्या.

गोळ्या दिल्या. लागू पडायला आठवडे लागतात. आणि एक गोष्ट सांगितली. विचार आला की नाव घ्यायचं नाही. येऊ द्यायचा, बघायचा, हात हलवून हाकलायचा नाही. तिचं नाव घेणं ही आता भक्ती राहिली नाही, आजाराचंच काम झालंय.

आपल्या घरातल्या बाईला कोणी असं सांगितलं असेल का कधी? पोरीला म्हण, शिवाचं नाव घेऊ नकोस. तुझे अप्पा गेले तेव्हा मी दुसरं काय केलं होतं? आपल्या रीतीप्रमाणे समाधीच्या मातीत बसवून आलो त्यांना, तोपर्यंत माझं तोंड थांबलं नव्हतं.

मी अय्यांकडे गेले. वाटलं, चिडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, खूप वेळ पुसला. म्हणाले, "मी औषद म्हणून दिलं व्हतं. लागू पडंना तर बदलायचं की. शिव काय तालुक्याचा सायब हाय का, रोज हजेरी लावायला?" मग म्हणाले, "माझं चुकलं म्हणून सांगा पोरीला." मी ते सांगितलं नाही. तिला वाटेल, आपल्यामुळे अय्या चुकले.

आता सकाळी मी विळी मांडते, ती समोर बसते, कांदा चिरते. ओठ घट्ट मिटलेले असतात. घामानं झंपर भिजतो. मी काही बोलायचं नाही, धीर द्यायचा नाही, असं बाईंनी सांगितलंय. आईनं "काही होत नाही बाळा" म्हणायचं नाही. हे नाव न घेण्यापेक्षा अवघड आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पुढं कधीतरी बाळाजवळ बसावं लागेल. दुरून, मग जवळून, मग मांडीवर. ज्याची भीती आहे ते टाळत राहिलं तर भीती वाढतच जाते. मी म्हटलं, बाळ आमच्याकडे नाही.

शिवूला एक दिवस आण. दारात उभी राहा, आत येऊ नकोस हवं तर.

अव्वा

सोलापूर, १९ ऑगस्ट

भुवना,

थोडंच लिहिते.

चंद्री पुन्हा बिघडली. आठ दिवस झाले, ओढणीनं स्वतःचं मनगट पलंगाला बांधून झोपते. म्हणते, झोपेत उठून मी मंद्रूपला गेले तर? मी म्हटलं, रात्री यष्टी नसते गं. हसली नाही.

गोळ्यांनी तिची झोप वाढली, भूक गेली. कॉलेजात नाव घातलंय पुन्हा अकरावीला, जात नाही. डॉक्टरबाई म्हणतात असं खालीवर होतं, सोडू नका. मी सोडत नाही. पण खरं सांगू का, आता मला वाटत नाही की ती पूर्वीसारखी होईल. असं लिहायला नको, पण मग कोणाला लिहू? अप्पांच्या समाधीवर जाऊन बसले होते. तिथं फक्त ऊन होतं.

तू आणणार नाहीस हे मला कळलंय. मागणं थांबवते.

अव्वा

सोलापूर, ७ सप्टेंबर

भुवना,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुझ्या हातात देईन, माझ्यासमोर वाच आणि चुलीत घाल.

काल शरणम्मा आल्या होत्या. कोणाच्या तरी घरभरणीला कडक भाकरी हव्या होत्या, त्या निमित्तानं. पाच महिन्यांनी माझ्या दारात आल्या. मी पाणी दिलं, चटणी बांधून दिली. बसल्या बसल्या त्यांनी तुझं गाऱ्हाणं सुरू केलं.

म्हणाल्या, "रागवू नगा विहीणबाई, पण तुमच्या लेकीला लेकराची मायाच न्हाय. दूध पाजलं की लगीच माझ्या मांडीवर. न्हाऊ मी घालायचं, तेल मी लावायचं. आन् पाणी तापलं की ही न्हाणीकडं फिरकत बी न्हाय. गच्चीवर कपडे वाळत घालायला जा म्हटलं तर बाळ खाली ठेवून जाती. वर जाऊन रडती. सोमू म्हणतो, आई, तिला बरं न्हाय. मी म्हटलं, बरं नसायला झालंय काय? तुमची पत्रं येत्यात. वाचती, परत वाचती आन् त्या दिवशी जेवत न्हाय."

मी भाकऱ्या मोजत होते. पुन्हा मोजायला सुरुवात केली, पुन्हा चुकले.

त्या गेल्यावर चंद्री आतून आली. हाताला पीठ होतं. म्हणाली, "अव्वा, अक्कालाबी हाय."

मी म्हटलं, काय हाय?

म्हणाली, "तुला कळलंय की. तेवढं कळंना तर तू वाचतीस कशाला?"

भुवना, तू त्या रात्री कडी लावून बसलीस, तेव्हा मला वाटलं तू चंद्रीला घाबरलीस. तिनं जे सांगितलं ते तुला आधीच दिसत होतं का? बाळंतपण झाल्यापासून? ती बोलली आणि तुला वाटलं, हिला आणि मला, या घरातच काहीतरी आहे, बाळ इथून न्यायला हवं? आणि तिथं नेलंस तर ते तुझ्याबरोबरच आलं?

मी चुकत असेन. चुकत असले तर मला शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण चुकत नसेन तर मी पाच महिने तुला बाळ आण, बाळ आण म्हणून लिहीत होते, आणि तू त्या घरात एकटी, कोणाला सांगायची सोय नाही. सांगितलंस तर शरणम्मा बाळ काढून घेतील, ही भीती तुला असणार. म्हणून हे पत्र चुलीत घालायचं.

मी आज दवाखान्यात जाऊन डॉक्टरबाईंना विचारलं. नाव नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, ओल्या बाळंतिणींना हे बऱ्याच वेळा होतं, कोणी बोलत नाही. बाळ अंगावर पाजत असली तरी देता येतील अशी औषधं आहेत. "त्यांना घेऊन या," म्हणाल्या. "बाळालाही आणलं तरी चालेल. बाळाला काही धोका नाही, ताई. धोका त्यांना आहे, एकटं राहण्याचा."

बुधवारी हे पत्र घेऊन मी येते. शरणम्मांना सांगीन की चंद्रीचं स्थळ बघायचं आहे, लेकीला दोन तास नेते. खोटं बोलायला मला आवडत नाही, पण त्यांना हेच कळेल.

चंद्री बरोबर येणार आहे. मी नको म्हटलं. गेल्या आठवड्यात ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली नव्हती. ती म्हणाली, "तुला न्हाय सांगता येणार अव्वा. तू आई हायस, तू रडशील. मी सांगते तिला." घरात ती येणार नाही, तेवढा धीर तिला अजून नाही. मंद्रूपच्या स्टँडसमोर रसाचं दुकान आहे तिथं बसेन म्हणाली. तिला किती वेळ बसवेल, मला माहीत नाही. मधेच उठून परतीच्या गाडीत बसली तरी मी तिला काही म्हणणार नाही.

तू बाळाला आणू नकोस. कोणाला काही सांगू नकोस. चेहरा नीट करू नकोस, जशी असशील तशी चप्पल घाल.

ती तिथं बसलेली असेल, तुला बघून हात पाठीमागे घेईल. तू घाबरू नकोस. नुसती शेजारी जाऊन बस.

अव्वा